मात्रा आणि माणूस

आजारी मुलाच्या अंगातून वरचेवर रक्त काढणे कितपत योग्य, हा प्रश्न आम्हांस प्रथम एका आजीने विचारला. २०१९ सालच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील सात वर्षांचा एक मुलगा रक्ताच्या कर्करोगासाठी मुंबईच्या एका रुग्णालयात दाखल होता. कर्करोगाच्या औषधांनी त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि त्या निराधार अवस्थेत त्याच्या फुप्फुसात बुरशी शिरली होती. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा आजी व्हरांड्यातील बाकावर बसली होती. आम्हांस पाहताच ती म्हणाली, "फादर, औषध देतात ते समजतं. पण दिलेलं औषध अंगात किती उतरलं हे बघायला परत रक्त कशाला काढतात? डॉक्टरांचा स्वतःच्याच औषधावर भरवसा नाही का?"

आम्ही तिची समजूत घालावयास हवी होती. आम्ही तिची बाजू घेतली. आत खाटेवर मुलाचे दोन्ही हात सुयांच्या खुणांनी निळे पडलेले पाहून आमचे मन विरघळले होते. शिवाय सेमिनरीत शिकलेले 'सामान्य' आणि 'असामान्य' उपायांचे तत्त्व जिभेवर तयारच होते. जो उपाय रुग्णास अवजड होतो तो पत्करण्याचे बंधन नाही, असे आम्ही मुलाच्या आईस सांगितले. तिने आमच्या शब्दाचा मान राखला आणि त्या दिवशी ते रक्त काढू दिले नाही. दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरबाईंनी तिला नीट समजावले, तेव्हा रक्त गेले. आमच्या सल्ल्यामुळे एक दिवस वाया गेला. तो किती मोलाचा होता हे आम्हांस नंतर कळले.

वाचकांपैकी अनेकांना बुरशीचा रोग म्हटले की २०२१ सालची 'काळी बुरशी' आठवेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात तिने अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले, आणि ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक गावोगाव फिरले. या मुलाच्या फुप्फुसातील बुरशी निराळी, तिचे नाव ॲस्परजिलस. ती काही दुर्मिळ नव्हे. तिचे बीजाणू हवेत, मातीत, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर सर्वत्र असतात. आपण सारे ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपली शरीरे त्यांचा परस्पर बंदोबस्त करतात. ज्या मुलाच्या पांढऱ्या पेशीच उरल्या नाहीत त्याच्या बाबतीत मात्र हाच श्वास घातक ठरतो.

या बुरशीवरील एक मुख्य औषध व्होरिकोनाझोल. २००२ साली ते अमेरिकेत मान्य झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनाझोल दिलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्ण हयात होते, तर जुने ॲम्फोटेरिसिन दिलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के. औषध चांगले आहे यात वाद नाही. त्याचा स्वभाव मात्र विचित्र आहे. शाळेत आपण त्रैराशिक शिकलो: एका वहीला इतके, तर दीड डझनाला किती? हे औषध त्रैराशिक मानीत नाही. मोठ्या माणसात पोटातून द्यावयाची मात्रा २०० मिलिग्रॅमवरून ३०० वर नेली, म्हणजे दीडपट केली, तर अंगातील औषधाचा एकूण प्रभाव सरासरी अडीचपट होतो. यकृतातील जे विकर हे औषध मोडून टाकते त्याचा जोर माणसागणिक वेगळा, आणि तो जन्मतःच ठरलेला असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तीन ते पाच टक्के लोकांचे विकर मंद असते. आशियाई लोकांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यात मुलांचे शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा लवकर मोडते. म्हणून मोठ्या माणसास शिरेतून किलोमागे चार मिलिग्रॅम पुरतात, तर दोन ते बारा वर्षांच्या मुलास आठ लागतात. गोळी गिळून मोठ्यांच्या रक्तात ती जवळजवळ पूर्ण उतरते, मुलांत बरीच कमी. जेवणाबरोबर दिली तर आणखी कमी.

परिणाम असा की एकाच वजनाच्या, एकाच खोलीतील दोन मुलांना एकाच मापाचे औषध दिले तर एकाच्या रक्तात ते नाममात्र असते आणि दुसऱ्याच्या रक्तात विषाच्या पातळीला पोहोचते. बाहेरून दोघे सारखेच तापलेले, सारखेच मलूल. पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी थोडे रक्त घेऊन औषधाचा अंश मोजावा, तेव्हाच फरक कळतो. मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर औषध बहुधा अपुरे. साडेपाचच्या वर गेले तर मेंदूला त्रास होण्याचा धोका. २००८ साली स्वित्झर्लंडमधील ५२ रुग्णांच्या अभ्यासातून ही दोन टोके पुढे आली. ज्यांची पातळी एकपर्यंतच होती त्यांपैकी ४६ टक्क्यांना औषध लागू पडले नाही. त्याहून जास्त असलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०१२ साली कोरियातील ११० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत रक्तातील पातळी पाहून मात्रा ठरविलेल्या गटात ८१ टक्क्यांना गुण आला, न पाहता ठरविलेल्या गटात ५७ टक्क्यांना. आणि त्रास झाल्यामुळे औषध बंद करावे लागलेले पहिल्या गटात ४ टक्के, दुसऱ्यात १७. हे रुग्ण मोठी माणसे होती. मुलांत तफावत याहून अधिक, म्हणून मोजण्याची गरजही अधिक, असे या विषयातील डॉक्टर सांगतात.

आजीचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. औषधावर भरवसा नाही का, असे तिने विचारले होते, आणि तो प्रश्न नीतीचा आहे.

वैद्यकाच्या इतिहासात फाजील भरवशाने मुलांचे प्राण गेलेले आहेत. १९५९ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एक भयंकर गोष्ट नोंदविली. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्या काळचे नामांकित प्रतिजैविक नवजात अर्भकांना वजनाच्या हिशेबाने दिले जात होते. हिशेब चोख होता. परंतु नुकत्या जन्मलेल्या बाळाचे यकृत ते औषध मोडू शकत नव्हते. औषध साचत गेले, बाळे राखाडी पडली आणि दगावली. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, एवढी एकच समजूत चुकली होती. पुढे हॅरी शर्की नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने मुलांना 'उपचारांतील अनाथ' म्हटले. १९६८ साली त्यांचा त्या नावाचा लेख प्रसिद्ध झाला. मुलांवर प्रयोग नकोत, या सद्भावनेने त्यांना औषधांच्या चाचण्यांपासून दूर ठेवले गेले आणि मग त्यांना काय मानवते हे कोणासच ठाऊक नसल्याने प्रत्येक खाटेवर न सांगता प्रयोग चालू राहिला. आमच्या त्या दिवसाच्या सल्ल्यामागेही अशीच सद्भावना होती.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकात माइलो नावाच्या पहिलवानाचे उदाहरण घेतले आहे. दहा मापे अन्न फार झाले आणि दोन मापे फार थोडे, म्हणून वस्ताद सर्वांना सहा मापे वाढीत नाही. सहा हे माइलोला अपुरे आणि तालमीत नव्याने आलेल्यास अति. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते 'मध्य' दोन प्रकारचा. एक वस्तूचा मध्य: वाण्याने किलोचे पैसे घेतले तर किलोच तोलून द्यावा, घेणारा कोण हे पाहू नये. दुसरा बुद्धीचा मध्य: समोरचा माणूस कोण, त्याची प्रकृती काय, हे पाहून ठरणारा. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ आम्हांस तिशी-चाळिशीत नव्हे, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या खाटेपाशी उमगला. किलोमागे इतके मिलिग्रॅम हे वाण्याचे माप आहे. ते चुकता कामा नये. पण ते अचूक दिल्याने डॉक्टरचे कर्तव्य पुरे होत नाही. 'मी पुस्तकाप्रमाणे दिले' हे तो म्हणू शकतो. 'मी या मुलाला पुरेसे दिले' असे पाहिल्यावाचून म्हणता येत नाही.

थॉमस यांनी विवेकाच्या घटकांत शिकून घेण्याची तयारीही मोजली आहे. आपल्या हातून काही दिल्यावर ते जेथे पोहोचावयाचे तेथे पोहोचले का हे विचारणे, आणि आलेल्या उत्तराप्रमाणे आपला हात बदलणे, ही ती तयारी. आजीला जो अविश्वास वाटला तो वस्तुतः डॉक्टरने स्वतःच्या हिशेबावर घेतलेला संशय होता. असा संशय न घेणाऱ्या डॉक्टरच्या हाती आम्ही आमचे मूल देणार नाही. (धर्मगुरूंनीही असा संशय अधूनमधून घ्यावा. आमचे प्रवचन कोणाच्या कानात किती उतरले हे तपासावयास सुदैवाने कोणी रक्त काढीत नाही.)

पहिला अहवाल आला: ०.४. औषध चालू असून नसल्यासारखेच होते. विचारपूस करता कळले की आजी गोळी कुटून तुपाच्या पेजेत कालवून भरवीत होती, कारण नुसती गोळी पोर थुंकून टाकी. तिच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि एक तास आधी वा नंतर काही देऊ नये हे तिला कोणी सांगितल्याचेही आठवत नव्हते. तरीही एक परिचारिका तिच्यावर ओरडली. आकडा कोणाला तरी दोषी ठरविण्यासाठी वापरण्याचा मोह फार. आम्हांस वाटते, या तपासणीचा हा एक खरा दोष आहे, आणि तो प्रयोगशाळेत दुरुस्त होणारा नाही.

मात्रा वाढविली गेली, पेजेची वेळ बदलली, आणि पाच दिवसांनी, गुरुवारी, पुन्हा रक्त घेतले. शुक्रवारी रात्रीपासून मुलाला खोलीत माणसे दिसू लागली. भिंतीशी पांढरे कपडे घातलेली दोन माणसे उभी आहेत, असे तो सांगे. तो घाबरत नव्हता. एकदा त्याने त्यांच्याकडे पाहून हातही हलविला. आजीने ते कोण हे लगेच ओळखले. आम्ही रविवारची मिस्सा आटोपून गेलो तेव्हा ती रडत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. "फादर, देवदूत आलेत. त्याला न्यायला आलेत." आम्ही मुलास रुग्णाभ्यंग दिले. देवदूतांबद्दल आम्ही हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. देव जवळ आहे, एवढेच म्हणालो. आणि आजीने त्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला, हे आम्हांस दिसत होते.

दुसरा अहवाल शनिवारी दुपारीच वॉर्डात येऊन पडला होता. तो कागदांच्या गठ्ठ्यात राहिला. सोमवारी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनी तो वाचला: ७.१. त्या पातळीला या औषधाने भास होतात हे त्यांना माहीत होते. औषध तात्पुरते थांबविले, मग मात्रा कमी करून पुन्हा सुरू केले. बुधवारी भिंतीपाशी कोणी उरले नव्हते. पुढच्या तपासणीत पातळी २.८ आली.

आमचा विचार येथे येऊन ठरतो. मुलाचे रक्त घेणे म्हणजे त्याच्या शरीरास प्रश्न विचारणे होय, आणि विचारणाऱ्यावर उत्तर ऐकून घेण्याचे ऋण चढते. शनिवारपासून सोमवारपर्यंत तो कागद न वाचता राहिला, त्या काळापुरते मुलाचे रक्त व्यर्थ सांडले होते, असे आम्ही म्हणू. मग ते दोनच मिलिलिटर का असेना. सात वर्षांच्या, १८ किलोच्या मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ७५ ते ८० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम सव्वा ते दीड लिटर रक्त असते. त्यातून इतर तपासण्यांसाठी रोज काही जातच असते. एका नमुन्याने मूल अशक्त होत नाही. परंतु त्याला सुई कळते, आणि तिचे कारण त्याला कळू शकत नाही. मोठा माणूस दुखणे सोसतो तेव्हा त्याची संमती त्या दुखण्याला काही अर्थ देते. मुलाच्या वतीने आपण संमती देतो, म्हणून अर्थ पुरविण्याची जबाबदारीही आपलीच राहते. उत्तर काहीही आले तरी मात्रा बदलावयाची नसेल, किंवा अहवाल येईपर्यंत त्याचा उपयोग संपणार असेल, तर ती सुई टोचण्याचा अधिकार कोणासही नाही, डॉक्टरास नाही आणि आईबापासही नाही.

घाईने घेतलेला नमुना तर त्याहून वाईट. डोस दिल्यानंतर लगेच रक्त घेतले, किंवा ज्या नळीतून औषध सोडले तिच्यातूनच ते काढले, तर आकडा खोटाच फुगलेला येतो. मग ज्याला औषध कमी पडते आहे त्याचेच कमी केले जाते. आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीचा निषेध आहे; अशी साक्ष कागदावर टंकलिखित आकड्याच्या रूपानेही दिली जाऊ शकते. नमुना कोणत्या वेळी घेतला हे त्यावर लिहिणाऱ्या परिचारिकेची मिनिटे म्हणून आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

आता आमच्या त्या 'असामान्य उपाया'कडे वळू. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलशास्त्रज्ञांपुढे केलेल्या भाषणात हा भेद स्पष्ट केला होता: व्यक्ती, स्थळ, काळ यांच्या मानाने जे उपाय स्वतःस वा दुसऱ्यास फार अवजड होत नाहीत, तेच योजण्याचे बंधन असते. १९८० साली रोमहून आलेल्या सुखमृत्यूविषयक निवेदनात तर 'सामान्य-असामान्य' या शब्दांऐवजी प्रमाणात असलेले आणि प्रमाणाबाहेरचे उपाय असे म्हणावे, ही सूचनाही नोंदविलेली आहे. आम्ही ओझे पाहिले आणि लाभ पाहिला नाही. प्रमाण काढावयास दोन्ही पारडी लागतात. सुई लहान होती आणि तिच्यावाचून चाललेले औषध निरुपयोगी होते. शिवाय ओझे हलके करण्याचे मार्ग होते, जे आम्ही विचारलेही नाहीत: सकाळच्या इतर तपासण्यांबरोबरच हे रक्त घेणे, त्वचा बधिर करणारे मलम आधी लावणे. जेथे बोटातून घेतलेले काही थेंब कागदावर वाळवून पातळी मोजण्याची सोय आहे, तेथे ओझे आणखी घटते.

न्यायाचा एक प्रश्न उरतो आणि तो आम्हांस अस्वस्थ करतो. ही तपासणी सर्वत्र होत नाही. महागडी यंत्रे लागतात, कुशल हात लागतात. लहान शहरांतून नमुने दूर पाठवावे लागतात आणि अहवाल येईतो मुलाची अवस्था बदललेली असते. म्हणजे मोठ्या शहरातील मुलाला त्याच्या मापाचे औषध आणि दूरच्या पाड्यावरील मुलाला पुस्तकाच्या मापाचे. काही जण म्हणतील, जेथे औषधच परवडत नाही तेथे मोजण्याच्या गोष्टी कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि कोणा कुटुंबास दोहोंतून एक निवडावयाचे असेल तर आम्हीही औषधच घ्या म्हणू. पण हे महाग औषध आठवडेच्या आठवडे अपुऱ्या पातळीत देणे ही गरिबाने केलेली काटकसर नव्हे. त्याच्या पैशाचा तो सर्वांत मोठा अपव्यय आहे. ज्याला एकदाच खर्च करता येतो त्याचेच औषध आधी मोजले पाहिजे. आमच्या धर्मग्रामातील मदतनिधीतून औषधाची बिले दिली जात, तपासणीची नाही. तो नियम आम्ही बदलविला, थोड्या कुरबुरीनंतर.

आकडा नीट आला म्हणजे मूल वाचले, असे कोणी समजू नये. त्या मुलाच्या फुप्फुसातील डाग आटला, कर्करोगाचे उपचार पुन्हा सुरू झाले, आणि तो आज शाळेत जातो. पुढे दोन वर्षांनी आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी त्याच औषधावर होती. तिची पातळी पहिल्यापासून हवी तेथे होती, अहवाल वेळेवर वाचले गेले, कोणी काही चुकले नाही. ती गेली.

मुलगा घरी आल्यावर महिनाभराने आम्ही त्यांच्याकडे गेलो. आजीने चहा आणला आणि मूल अंगणात गेल्यावर हळूच विचारले, "फादर, मग ती माणसं कोण होती?" या वेळी आम्ही स्पष्ट बोललो. म्हणालो, "मावशी, औषध जास्त झालं होतं. त्या औषधानं असं दिसतं. मी त्या दिवशीच डॉक्टरांना विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही." ती बराच वेळ पदराशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "गेली ते बरंच झालं. पण फादर, तेवढे दिवस पोराला रात्री एकटं वाटत नव्हतं."

यावर आम्हांस काही बोलता आले नाही. अंगणात मुलगा शेजारच्या पोरांशी भांडत होता, आणि आजी उठून त्याला ओरडावयास गेली.